शाल नंतर घाला, आधी पीपीओ वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या 14 जानेवारीला संक्रांत आहे आणि त्याच दिवशी माजी सैनिक दिनही. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस. आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीत कुठे पंचायत, कुठे हायस्कूल, कुठे एखादं युवक मंडळ गावातल्या माजी सैनिकांना बोलावून शाल-श्रीफळ देतं. या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका माझ्याच दुकानात निघतात, तेव्हा माझी त्याला हरकत असण्याचं कारण नाही. पण ज्यांच्या खांद्यावर शाल पडते, त्यांच्या कागदांच्या पिशव्याही माझ्याच काउंटरवर उघडतात. त्या पिशव्यांत जे असतं, त्याबद्दल आजवर एकाही भाषणात चकार शब्द ऐकला नाही. म्हणून हे पत्र.

साखळी बसस्थानकाजवळ माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. आमच्या घरात कोणी फौजेत नव्हतं. नवरा खाणीवर मशीन चालवायचा. 2012 साली खाणी बंद झाल्या, त्यानंतर हे दुकान थाटलं. त्यामुळे बँड वाजला की अंगावर शहारे वगैरे माझ्या येत नाहीत. मला स्पेलिंग दिसतं.

नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. अंगठा मशीनवर उठत नाही. काजूच्या डोंगरावर आणि कुळागरात राबलेल्या बोटांच्या रेषा कधीच्या झिजलेल्या असतात. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, ही मोठीच सोय झाली. मोबाइल सांगतो, डोळ्यांची उघडझाप करा. आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार येतात, ते मोबाइलसमोर सावधान उभे राहून एकटक बघतात. "काका, पापण्या मिटा," म्हटलं की दोन्ही डोळे गच्च मिटून तसेच राहतात, जणू पुढचा हुकूम येईपर्यंत उघडायचे नाहीत. सगळी रांग हसते, तेही हसतात. मग ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा असतो बोटीवर, कुठल्या तरी समुद्रात. तरीही हे काम होतं. एका बैठकीत नाही झालं तर दुसऱ्या दिवशी होतं.

होत नाही ते दुसरंच. पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे सगळे ज्याला पीपीओ म्हणतात तो कागद, त्यात बायकोचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असते. काहींच्यात ती जागा कोरीच असते. माणूस जिवंत आहे तोवर त्या ओळीकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावाने बिनबोभाट जमा होत असते. तो गेला की त्या एका ओळीवर सगळं घर लटकतं.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. सत्तरीतल्या एका आजीचं असंच झालं. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. लग्नानंतर त्याने युनिटमध्ये सासरचं नाव नोंदवलं. आजीचं मतदार कार्ड मात्र माहेरच्या नावावरून झालं. मतदार कार्डावरून आधार झालं, आधारवरून बँकेचं खातं. फौजेच्या कागदावर (नावं बदलून लिहिते) सुलोचना, बाकी सगळीकडे लक्ष्मी. जन्मसालातही तीन वर्षांचा फरक. चाळीसएक वर्षं या दोघी एकाच घरात सुखाने नांदल्या. नवरा गेला, बारावं झालं आणि मुलगा फाइल घेऊन दुकानात आला. पंचायतीचा दाखला, मामलेदाराचा दाखला, नोटरीकडचं शपथपत्र, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, सिव्हिल रजिस्ट्रारकडची लग्नाची नोंद. त्या नोंदीत सासऱ्यांच्या आडनावाला पोर्तुगीज वळण होतं, 'नाईक' लिहायला एन-ए-आय-क्यू-यू-ई. म्हणजे आणखी एक शपथपत्र. भरीस भर म्हणून मृत्यूची खबर बँकेला उशिरा गेली, तोवर नवऱ्याची पेन्शन जमा होत राहिली होती, ती परत वळती झाली. आजींना फॅमिली पेन्शन अखेर मिळाली, थकबाकीसह मिळाली, हेही सांगायला हवं. पण तोवर एक पाऊसकाळ सरून दुसरा लागला होता आणि घरातली दुभती म्हैस विकली गेली होती.

ही फॅमिली पेन्शन म्हणजे काही घबाड नव्हे. निवृत्त सैनिक वारला तर पत्नीला पहिली सात वर्षं, किंवा तो 67 वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर शेवटच्या पगाराच्या 50 टक्क्यांच्या हिशेबाने मिळतं. पुढे 30 टक्के. म्हातारा पंचाहत्तरीत गेला तर थेट 30 टक्केच. तेवढ्यासाठी विधवेने स्वतः स्वतःच आहे हे पाच कचेऱ्यांत सिद्ध करायचं.

यावर मला एका सद्गृहस्थांनी दुकानातच ऐकवलं, "फौजेची स्वतःची व्यवस्था आहे, त्यात पंचायतीचं काय काम?" फौजेची व्यवस्था आहे, नाही कोण म्हणतं. मराठा इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, यंत्रदुरुस्ती सांभाळणाऱ्या ईएमईचं सिकंदराबादला, नौसैनिकांचं मुंबईला, आणि पेन्शनचा सगळा कारभार प्रयागराजहून 'स्पर्श' पोर्टलवर चालतो. त्यांना पत्र लिहिलं की उत्तर येतं, आणि उत्तरात ते मागतात ते पुरावे सगळे इथले असतात: जन्माची नोंद, लग्नाची नोंद, रहिवासी दाखला, एकच व्यक्ती असल्याचा दाखला. यातला एकही कागद जबलपूरला तयार होत नाही. तो डिचोलीत, वाळपईत, आपल्या मामलेदार कचेरीत आणि आपल्या पंचायतीच्या कपाटात तयार होतो. त्यात 1961 पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आणि पोर्तुगीज स्पेलिंगात. ही अडचण खास आपल्या गोव्याची आहे, ती प्रयागराजच्या कारकुनाने कशी समजून घ्यावी? दिल्लीवर टीका करणं सोपं, म्हणून भाषणात सगळे तेच करतात. हे काम मात्र आपल्या घरचं आहे.

गोव्याने तर ते अधिक आपलेपणाने करायला हवं. 19 डिसेंबरला आपण ध्वजवंदन करतो; 1961 साली गोवा मुक्तीच्या ऑपरेशन विजयमध्ये अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण मारले गेले, त्यांचं स्मारक आहे, तिथे फुलं वाहिली जातात. स्मारकाच्या दगडावर नाव कोरायचं असेल तर स्पेलिंग तपासल्याशिवाय कोणी छिन्नी लावत नाही. जिवंत माणसाच्या बायकोचं नाव तपासायला मात्र आपल्याकडे कोणी नेमलेला नाही.

आता ज्यांना पेन्शनच नाही, त्यांच्याबद्दल. शिपायाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षं नोकरी लागते. त्याआधी सुटून आलेल्यांना मिळालं ते तेव्हा एकदाच. असे एक आजोबा साखळीच्या बाजाराला येतात. 1971 च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. पुढे वडील वारले, शेत कसायला कोणी नाही, म्हणून नाव कापून घरी आले. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्या लढाईचं पदक, पश्चिमी स्टार आहे, फीत विरलेली. डिस्चार्ज बुकाला वाळवी लागलेली, पण नंबर आणि रँकचं पान नशिबाने शाबूत. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षांवरच्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून दरमहा अनुदान मिळतं. ते 4,000 रुपये होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000 रुपये झालं. आजोबांना याचा पत्ता नव्हता. मी सांगितल्यावर त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि डबा बंद केला. आपली हलाखी कागदावर मांडायची आणि ती गावातल्याच, डोळ्यांदेखत लहानाच्या मोठ्या झालेल्या लोकांना दाखवायची, हे त्यांना जमेना. "बाये, शाल घ्यायला मी त्यांच्यासमोर उभा राहतो, त्यांच्यापुढे हे कसं मागू?" म्हणाले. सुनेने मागे लागून अर्ज भरायला लावला. माझ्या मते चूक त्यांच्या मानीपणाची नाही. ज्यांना शालीसाठी यादी करता येते, त्यांनी त्याच यादीवरून या माणसाच्या घरी जाऊन, ओटीवर बसून, चार लोकांना कळू न देता तो फॉर्म भरून आणायला हवा होता.

मी मागते ते फार नाही. आपल्या गावागावांत फौजेतून निवृत्त झालेले क्लार्क आहेत. युनिटमध्ये आयुष्यभर त्यांनी हेच केलं: पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या माहितीतल्या बदलाची नोंद, काढायची: लग्नाची नोंद, मुलांची नोंद, नॉमिनी. कुठल्या कागदाला कुठला कागद जोडायचा हे त्यांना झोपेतही सांगता येतं. यातले काही आज कुठल्या तरी गेटवर सिक्युरिटीचा गणवेश घालून गाड्यांचे नंबर लिहीत बसलेले असतात. अशा एकेकाला तालुक्याला मानधनावर बसवा. ग्रामसभा रविवारीच भरतात. ग्रामसभेच्या दिवशी पंचायतीत एक टेबल, एक खुर्ची आणि हा माणूस. प्रत्येक माजी सैनिकाने पीपीओ, स्वतःचं आणि बायकोचं आधार घेऊन यावं, त्याने ते ताडून बघावं, फरक असेल तर त्याच टेबलावर अर्ज लिहावा, आणि पंचायत सचिवाने दाखला त्याच दिवशी द्यावा. राज्य सैनिक मंडळ, मामलेदार आणि पंचायत या तिघांनी एका कागदावर सह्या केल्या की हे सुरू होऊ शकतं. याला नवी इमारत लागत नाही, कोनशिला लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावं.

इस्पितळाचं थोडक्यात लिहिते. नौदलाचं जीवन्ती इस्पितळ वास्कोला आणि आमचे सत्तरीचे म्हातारे चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. कदंबच्या बसेस बदलत तिथवर जायचं म्हणजे सोबत एक धडधाकट माणूस हवा आणि त्याचा दिवसाचा रोज बुडतो. महिन्यातून एकदा फिरता दवाखाना वाळपईपर्यंत आला तरी पुष्कळ.

आणि एक. 2022 साली अग्निवीर भरतीसाठी पांढऱ्या पडद्यासमोर पोरांचे फोटो मी काढले होते. चार वर्षांची नोकरी, त्यातले 25 टक्के पुढे कायम, बाकीचे सेवानिधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास रुपये घेऊन घरी, पेन्शन नाही. पहिली तुकडी 2026 च्या अखेरीपासून परतू लागेल. तेवीस-चोवीस वर्षांची पोरं. योजना बरी की वाईट यावर भांडायला शहाणे लोक पुष्कळ आहेत. मला एवढंच कळतं की पोर गावात उतरेल त्या दिवशी त्याचं नाव कुठल्या तरी वहीत हवं, नाहीतर पन्नास वर्षांनी तोही एक डबा घेऊन कुणाच्या तरी काउंटरवर येईल.

तोवर, हे पत्र वाचणाऱ्या माजी सैनिकांना माझी विनंती. आज संध्याकाळी ट्रंक उघडा, पीपीओ काढा आणि बायकोचं नाव, जन्मतारीख तिच्या आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर तुमच्या सहीने आत्ताच रेकॉर्ड ऑफिसला कळवा. तुमची सही असेपर्यंत हे काम निम्म्याने सोपं असतं. पीपीओ कुठे ठेवलाय ते तिला दाखवा. ओटीपीचा मोबाइल नंबर बोटीवरच्या मुलाचा असेल तर बदलून घ्या. या कामाच्या झेरॉक्सचे पैसे मी घेत नाही. फक्त मूळ डिस्चार्ज बुक लॅमिनेशनला आणू नका. त्यावर मग नवा शिक्का उठत नाही, नवी नोंद लिहिता येत नाही. कितीही आग्रह केलात तरी मी ते करून देणार नाही.

आपली,
एक झेरॉक्स दुकानदार, साखळी (डिचोली)