खांद्याला खांदा

प्रिय सुले,

आठ महिने पत्र नाही, रागाव हवं तर. मी बरी आहे, सासूबाईंचा गुडघा तसाच. होस्टेलात मी दोन्ही खांदे छातीपुढे आणून एकमेकांना टेकवायचे, आठवतंय ना? तू पोरींकडून आठ-आठ आणे घेऊन तो खेळ दाखवायचीस. माझा वाटा अजून दिला नाहीस, चोरटे!

चिऊला तिसरं सरलं तरी टाळू भरली नव्हती. तेल जिरवताना सासूबाई म्हणायच्या, "अगं, अजून मऊच लागतंय." डॉक्टरांनी तिच्या गळ्याखाली बोटं फिरवली, कॉलरबोन हाताला लागेना. एक्सरेत उजवीकडे नुसता तुकडा, डावीकडे काहीच नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे हाड खांद्यांना लांब धरून ठेवतं. तुम्ही खांदे पुढे आणून दाखवा." सुले, टेकले गं!

रन्क्स-टू नावाचं जनुक असतं. ते स्वतः हाड बांधत नाही. कोवळ्या पेशींना हाडाच्या पेशी व्हायला लावतं, हाडाला लागणारी बाकीची जनुकं चालू करतं. १९९७ साली उंदरांत त्याच्या दोन्ही प्रती बंद करून पाहिल्या, तर पिल्लांचा अख्खा सांगाडा मऊ कूर्चेचा, हाड औषधालाही नाही. माझी एक प्रत बिघडलेली. अर्ध्या हुकमावर हातपाय निभावतात, कवटीला आणि कॉलरबोनला ते पुरत नाही. माझे दुधाचे दात पंचविशीपर्यंत पडले नव्हते, तू मला 'बाळ' म्हणायचीस आणि मी आठवडाभर बोलले नव्हते, ते यामुळेच. चिऊच्या वेळी जागा अरुंद म्हणून सिझर झालं, तेही बहुधा यामुळेच. तेव्हा कुणी पुढे विचारलं नाही.

दर मुलाला निम्मी शक्यता. माझ्याकडूनच गेलं तिला. हे म्हणतात, मुद्दाम थोडंच दिलंस? कळतं, पण रात्री तिच्या टाळूवर हात ठेवला की खाली ठोके लागतात आणि झोप उडते. बुद्धीला काही होत नाही. डोक्याला मार लागू द्यायचा नाही, पुढे ज्यादा दात काढायचे, अडकलेले पक्के दात ओढून खाली आणायचे. जनुकावर औषध नाही. दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघतो तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते.

तुझी बदली झाली का? मन्याची दहावी कशी चाललीय?

काल चिऊनं आरशासमोर खांदे जुळवले आणि टाळ्या पिटल्या. गॅदरिंगचा तो फोटो तुझ्याकडेच आहे, खांदे जुळवलेला. पाठव. तिला दाखवायचाय.

तुझीच,
मंदा