फॅक्टोरियलच्या पुढचं रिकर्शन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंबड औद्योगिक वसाहतीत पॅकिंग मशीनच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. दर उन्हाळ्यात इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. हुशार असतात. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं, म्हटलं की त्याचं ठरलेलं उदाहरण असलेलं फॅक्टोरियल मिनिटभरात लिहून देतात. पण नको असताना सुरू झालेलं रिकर्शन थांबवायचं कसं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

मलाही ते ठेच लागूनच कळलं. एक मशीन मध्येच अडखळत होतं. कर्नलमधलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं, कुठलं फंक्शन वेळ खातंय ते पाहायला मी लिनक्सच्या एफट्रेसवर (फंक्शन्सचा मागोवा घेणाऱ्या सोयीवर) एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, लिहिलं. एफट्रेस चालू केला की फंक्शनच्या तोंडाशी राखून ठेवलेल्या जागेतून (आमच्या ६४ बिट इंटेल मशीनवर ५ बाइट) आपल्या कॉलबॅकला, म्हणजे नोंद घ्यायला आपण लिहिलेल्या फंक्शनला, हाक जाते. कॉलबॅकवर मी ‘नोट्रेस’ (याचा मागोवा घेऊ नको) लिहिलं होतं. तो ज्या चार ओळींच्या फंक्शनला बोलावून वेळ टिपत होता, त्याच्यावर लिहायचं राहिलं. मॉड्यूल लोड केलं, स्क्रीन जागीच थिजली आणि जुन्या कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागला. नोंद घेणाऱ्याची नोंद, तिची पुन्हा नोंद, असं करत कर्नलचा १६ केबीचा स्टॅक (अर्धवट राहिलेले कॉल लक्षात ठेवायची जागा) संपला होता.

आमच्या गेटवर आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव वहीत चढतं. वही केबिनमध्ये ठेवली आणि केबिनमध्ये शिरतानाही आधी वहीत नाव चढवायचं असा नियम केला, तर वॉचमन दारातच अडकेल. नेमकं तेच झालं.

उपाय कर्नलमध्येच आहे. कॉलबॅकमध्ये शिरताच ‘एफट्रेस_टेस्ट_रिकर्शन_ट्रायलॉक’ला विचारायचं. ऋण उत्तर आलं तर मुकाट्यानं परतायचं, नाहीतर काम उरकून अनलॉक करायचं. मुलांनी खरं समजून घ्यावं ते पुढचं. ‘मी आत आहे’ अशी एकच खूण ठेवून भागत नाही. नोंद चालू असतानाच इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारी हार्डवेअरची हाक) आला, तर त्यातली फंक्शन्स नवी असतात. त्यांना रिकर्शन समजून टाकून दिलं तर मागोवाच खोटा ठरतो. म्हणून साधं काम, सॉफ्ट इंटरप्ट (इंटरप्टचं मागाहून उरकायचं काम), इंटरप्ट आणि एनएमआय (थोपवता न येणारा इंटरप्ट) या चौघांसाठी खुणेचे वेगवेगळे बिट आहेत. त्यातही इंटरप्ट आलाय पण कर्नलनं आपली स्थिती अजून बदललेली नाही, अशा निसटत्या क्षणासाठी आणखी एक. ‘मागचा कॉल संपला का?’ या साध्या प्रश्नाला इतके पदर आहेत, हे फळ्यावर कळत नाही.

माझी कॉलेजांना कळकळीची विनंती आहे, की ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रात्यक्षिकात हा एक प्रयोग घ्या. व्हर्च्युअल मशीनवर होतो, एक पैसा लागत नाही. आधी लॉक न लावता मुलांच्या डोळ्यांदेखत मशीन पडू द्या, मग लॉक लावून तेच मॉड्यूल पुन्हा चालवा. शनिवारी मला सुट्टी असते. कुठल्याही कॉलेजनं बोलावलं तर लॅपटॉप घेऊन मी स्वखर्चानं येईन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक