पेसाहचा सेदर घरी मांडावा की नाही: मावशींना आभारपत्र

ती. मावशींस, सप्रेम शालोम.

बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच पेसाह, मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून आपल्या ज्यू पूर्वजांची सुटका झाली त्याच्या आठवणीचा सण. हग्गादा, म्हणजे ती गोष्ट सांगणारी पोथी, वाचणारा आवाजच घरात उरला नसल्यामुळे सेदर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचे विधिपूर्वक जेवण, घरी मांडावा की सिनेगॉगमधल्या सामुदायिक सेदरला जावे, हे मला ठरवता येत नव्हते. मला हिब्रू अक्षरे ओळखता येतात, पण सलग वाचता येत नाही, आणि अशा माणसाने सेदर चालवू नये अशी माझी समजूत होती.

तुम्ही मला आठवण करून दिलीत, की मुंबईत १८४६ साली छापलेल्या हग्गादेत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर होते आणि १८७४ साली पुण्यातूनही तशी हग्गादा निघाली. आपल्या पणज्यांनी मिसरमधून सुटकेची गोष्ट मराठीत ऐकली, मग तुझ्या मुलाने का ऐकू नये, असे तुम्ही विचारलेत आणि माझा निर्णय तिथेच झाला. सामुदायिक सेदर एकट्यादुकट्या माणसांना फार मोठा आधार असतो, हे मी जाणते. पण सेदरला लहान मुलाने विचारायचा प्रश्न विचारायला आमचा धाकटा एवढ्या माणसांत उठला नसता.

आदल्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. भिजवलेला खजूर हाताने कुस्करून, फडक्यातून पिळून, त्याचा रस तुम्ही मंद आचेवर आटवत राहिलात आणि उलथन्याने ओढलेली रेघ पातेल्याच्या तळाशी क्षणभर टिकली तेव्हाच गॅस बंद केलात. सेदरला प्यायच्या चार प्याल्यांसाठी मनुकांचे सरबतही तुम्हीच गाळलेत. पेसाहला घरात पाव ठेवायचा नसतो, पण फ्रीजमागे राहिलेली पावाची लादी माझ्या नजरेतून सुटली होती. तीही तुम्ही शोधून काढलीत.

त्या रात्री धाकट्याने ‘आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?’ असे विचारले, तेव्हा माझा आवाज अडला. बाबा डावीकडे रेलून बसत ती उशी तुम्ही काही न बोलता माझ्या कोपराखाली सरकवलीत, आणि मी पुढे वाचू शकले. तुमची स्वतःची मुले इस्रायलमध्ये असताना तुम्ही तो सण आमच्या घरी केलात, हे मी विसरणार नाही.

पेसाहपुरते काढायचे तुमचे कल्हईचे पातेले मी घासून, फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवले आहे. पुढच्या वर्षापर्यंत ते आमच्याकडेच राहू द्यावे, ही विनंती.

तुमची ऋणी,
खालच्या मजल्यावरची लेक