नवस

औसा, जि. लातूर

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

महालक्ष्म्यांच्या वेळी बोललो ते डोक्यातून जात नाही. जेवणादिवशी तू पुरण वाटलंस, सोळातल्या निम्म्या भाज्या निवडल्यास, आत्याबरोबर हसलीस. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, तू उठली नाहीस. मी म्हणालो, "काल तर चांगली होतीस की!" तू भिंतीकडं तोंड केलंस.

तू ठेवून गेलेले कागद डिक्शनरी घेऊन वाचले. या एमई/सीएफएस म्हणतात त्या कायम थकव्याच्या आजारात दमणूक लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी गाठते, आणि झोपूनही उतरत नाही. रोज व्यायाम वाढवत नेण्याचा इलाज इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेनं २०२१ मध्ये बाद केला. आणि मी दोन वर्षं तुला काय सांगतोय? रोज पाच मिनिटं वाढव! शाळेत पस्तीस वर्षं पीटी घेतली, दुसरं काय सुचणार.

आजी म्हणते दृष्ट लागली, आत्या म्हणते लग्न झालं की होईल नीट. मी त्यांना हसायचो. माझं तेवढं शास्त्रीय, बसलं की शरीर गंजतं. पण आजीच्या मीठ-मोहऱ्यांनी तुला काही झालं नाही. मला बघून मात्र तू उठून बसायचीस, आणि मग चार दिवस अंथरुणात.

तरी अगदीच पडून राहू नकोस गं. अंगातली ताकद... बघ, पुन्हा तेच. माफ कर. जेवतेस ना वेळेवर?

तेरा वर्षांची होतीस, कोजागिरीला तुळजापूरला पायी आलीस, अनवाणी. काकाला टेम्पोत घालावं लागलं आणि तू पुढं, हातात त्याच्या चपला. अजून सांगतो लोकांना. तीच पोर आता न्हाणीत स्टूल ठेवून अंघोळ करते, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. लाज नाही, भीती वाटते.

आईनं परवा कबूल केलं, तिनं नवस बोललाय: तू बरी झालीस की तुला चालवत आणीन. म्हणलं, बाई, बोलायचा तो हाच का? आता आम्ही दोघंच जाणार. तिचे गुडघे बघता एसटीनंच.

धपाटे आणि शेंगाची चटणी पाठवतोय. उत्तर लिहू नकोस, पडल्या पडल्या फोनवर दोन शब्द बोलून पाठव. आणि सकाळी गच्चीवर एक चक्कर

खोडलं.

तुझे
अण्णा