सोलापूरच्या चारही भाषा कम्प्युटरवर नीट दिसू देत की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्व भागात आमचं डीटीपीचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाला पत्रिका मराठीत पाहिजे, दुसऱ्याला मराठी आणि तेलुगू दोन्ही, त्यामागून कुणी कन्नडवाला येतो, कुणी उर्दूवाला, सोलापुरात यात नवल काही नाही, पण कम्प्युटरला अजून याची सवय नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर मोबाइलवर एकदम बरोबर दिसतो आणि तोच उचलून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की 'सिद्धेश्वर'ची वेलांटी 'स'च्या मागे जाऊन बसते, 'दुसऱ्या'त पाय मोडलेला, खाली टिंबवाला र दिसतो, तेलुगू-कन्नडमधलं खाली लागणारं अक्षर शेजारी सुटं उभं राहतं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसात दहा फुटी बॅनरवर असं छापून गेलं की शिव्या आम्हालाच.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर ठरलेलं उत्तर, फाँट बदलून बघा. अहो, नुसता फाँट बदलून काय होतंय! युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूला लागणारी अरबी या लिप्या 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत, पण युनिकोड फक्त अक्षराला नंबर देतं. 'सि' लिहिलं तर आत आधी स आणि मग वेलांटी असंच साठवलेलं असतं, ती वेलांटी पुढे आणून लावायची, जोडाक्षर कुठलं करायचं हे काम वेगळ्या प्रोग्रामचं, शेपिंग इंजिन म्हणतात त्याला, पूर्वी प्रेसमध्ये खिळे जुळवणारा करायचा तेच. ते इंजिनच नसेल तर फाँट कितीही भारी असू दे, उपयोग शून्य.

आणि असं इंजिन फुकट मिळतं हो. हार्फबझ नावाचं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, इंजिन आहे, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळे तेच वापरतात, म्हणून तर मोबाइलवर नीट दिसतं. मोडी लिपी युनिकोडमध्ये 2014ला आली, तीसुद्धा ते जुळवतं, मग तेलुगू-कन्नडचं अवघड आहे हे आम्हाला कुणी सांगू नये. उर्दूचं मात्र खरंच किचकट आहे, नस्तालिक या उर्दूच्या लिहिण्याच्या वळणात शब्द तिरका खाली उतरत जातो, दोन ओळींत जागा कमी पडली की वरची अक्षरं कापली जातात, तिथे नुसतं इंजिन घालून भागत नाही, ओळीची उंचीही धरावी लागते.

यामुळे आमच्यासारखे अजून जुन्या फाँटवर अडकलेत, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे भरलेले असतात. आपल्याकडे छान दिसतं, दुसऱ्याकडे फाइल उघडली की नुसता एबीसीडीचा कचरा, त्यात शोधता येत नाही की कॉपी करून कुठे टाकता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सरकारी ऑफिस असो की मोठं दुकान, बिलाचं किंवा पावतीचं सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला चारही भाषांतलं एक पान छापून दाखवायला लावा, तेही आडनावं, पेठांची नावं, जोडाक्षरं असलेलं, आणि छापलं नाही तर पैसे देऊ नका. ते पान इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी बनवावं, त्यांच्या घरात या भाषा बोलल्या जातात, आणि हार्फबझमध्ये चूक सापडली तर ती कुणालाही कळवता येते. पान तपासून द्यायला आमच्या दुकानातली माणसं आहेतच.

आपला,
एक डीटीपीवाला, सोलापूर