प्लेग आणि धर्म: सरसकट विभागणी चुकीची

महोदय,

चौदाव्या शतकातील प्लेगवरील रविवार पुरवणीतल्या लेखात ‘मुस्लिमांनी साथ निमूट स्वीकारली, ख्रिस्ती युरोपने उपाय शोधले’ असे म्हटले आहे. ही विभागणी टिकत नाही. संसर्ग नाकारणारे धर्मवचन समोर असूनही स्पेनमधल्या ग्रानाडा या तेव्हाच्या मुस्लिम राज्यातील वैद्य-लेखक इब्न अल-खतीबने लिहिले की, रुग्णाचे कपडे, भांडी, अगदी कानातल्या डुलांमुळेही रोग पसरतो आणि अलग राहणारे वाचतात. जुलै १३४८ मध्ये दमास्कसला तीन दिवसांच्या उपवासानंतर मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती आपापले धर्मग्रंथ घेऊन एकत्र प्रार्थनेला निघाले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने ते स्वतः पाहिले. (अशा गर्दीचा धोका होता, हे खरेच.) उलट ख्रिस्ती युरोपातल्या स्ट्रासबुर्गमध्ये (आज फ्रान्समध्ये) १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. तेव्हा शहरात साथ पोहोचलीही नव्हती! अर्थात ख्रिस्ती जगही एकमुखी नव्हते. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, असे पोप क्लेमेंट सहावे यांनी १३४८ मध्येच बजावले होते. लेखात गौरवलेले रागुसा (आजचे क्रोएशियातील दुब्रोवनिक) बंदराचे ३० दिवसांचे विलगीकरण मात्र १३७७ चे, म्हणजे पहिल्या लाटेनंतर जवळपास तीन दशकांनी आलेले आहे.

– एक वाचक, पुणे