तिसरी जागा लॅरी होम्सची

प्रिय अविनाश,

सगळ्या काळांतल्या थोर हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तुझी यादी वाचली. मग पुन्हा वाचली, म्हटलं एखादं नाव नजरेतून सुटलं असेल. अली पहिला, ज्यो लुईस दुसरा, इथवर आपलं जमतं. तिसरा टायसन. आणि लॅरी होम्स कुठे? अकरावा, तोही ‘जागा उरली तर’ अशा थाटात. लेका, वीस वेळा हेवीवेटचं विश्वविजेतेपद राखलेल्या माणसाला तू उंबऱ्याबाहेर उभं करतोस?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिसरी जागा होम्सची. टायसन दहांत आहे, पण खालच्या अर्ध्यात, आठवा किंवा नववा. आता भांड.

तू पहिला हुकमाचा पत्ता कोणता टाकणार हे मला ठाऊक आहे: २२ जानेवारी १९८८, अटलांटिक सिटी. चौथ्या फेरीत टायसनने होम्सला तीनदा खाली पाडलं आणि लढत संपली. मान्य. पण त्या रात्री होम्स ३८ वर्षांचा होता, एप्रिल १९८६नंतर त्याने एकही लढत खेळलेली नव्हती, आणि समोर २१ वर्षांचा, भरात आलेला टायसन होता. होम्स एकूण ७५ लढती खेळला. त्यांत वेळेआधी हरला तो या एकाच लढतीत. टायसनच्या ठोशाचं हे मोठं कौतुक आहे, मी ते नाकारत नाही. पण ‘त्याने याला हरवलं म्हणून तो मोठा’ हे गणित एकदा मांडलंस की पुढची बेरीजही करावी लागेल. ऑक्टोबर १९८०मध्ये होम्सने अलीला दहा फेऱ्या झोडपलं, शेवटी अलीच्या ट्रेनरनेच, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. मग होम्स अलीपेक्षा मोठा? डिसेंबर १९८१मध्ये ट्रेव्हर बर्बिकनेही अलीला गुणांवर हरवलं. त्याला कुठे बसवतोस, दुसऱ्या जागेवर? म्हाताऱ्या विजेत्याला हरवणं ही या खेळातली जुनीच रीत आहे. त्यावरून क्रम लावायचा नसतो.

क्रम लावायचा तर मी एकच गोष्ट आधी बघतो: अंगावर बेतल्यावर माणूस काय करतो. सगळं मनासारखं चाललेलं असताना सुंदर लढणारे पुष्कळ झाले. सोनी लिस्टन त्या जातीचा होता, टायसनही त्याच जातीचा.

होम्सचं बघ. जून १९७८, लास व्हेगास, केन नॉर्टन समोर. नॉर्टन म्हणजे अलीचा जबडा मोडणारा माणूस. होम्स डाव्या हाताची दुखापत घेऊनच रिंगणात उतरला होता, आणि त्याचं सगळं भांडवल तो डावा हातच. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही जजांच्या कागदावर बरोबरी होती. पंधराव्या फेरीत दोघेही दमून गेलेले, तरी तीन मिनिटं एकमेकांना सोडत नाहीत. एका जजने १४३–१४२ असा नॉर्टनच्या बाजूने कौल दिला, दोघांनी त्याच आकड्यांनी होम्सच्या बाजूने. एका फेरीवर सात वर्षांची कारकीर्द उभी राहिली. हेवीवेटमध्ये इतकी चुरशीची शेवटची फेरी मी दुसरी पाहिलेली नाही. ‘थ्रिला इन मनिला’, म्हणजे अली-फ्रेझियरची मनिलातली ती लढत, धरूनही म्हणतो, कारण तिथे पंधरावी फेरी झालीच नाही.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अर्नी शेव्हर्स. त्याच्या उजव्या हाताच्या जबर ठोशाबद्दल तुला मी सांगायला नको. सातव्या फेरीत तो उजवा होम्सच्या जबड्यावर बसला आणि होम्स असा पडला की बघणाऱ्याला वाटावं, आता उद्याच उठेल. तो उठला. नुसता उठला नाही, ती फेरी निभावली, पुन्हा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा तो सरळ झटपट ठोसा, सुरू केला आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सला थांबवलं. १९८१मध्ये रेनाल्डो स्नाइप्सनेही त्याला सातव्याच फेरीत पाडलं. तिथेही निकाल तोच, अकराव्या फेरीत होम्स विजयी. माइक वीव्हरने त्याला बेजार केलं होतं, तो बाराव्यात संपला.

आता टायसन. त्याला मी कमी लेखत नाही. १९८६ ते १९८८ ही जी दोन-अडीच वर्षं आहेत ना, तेवढ्याच काळाची यादी करायची म्हटली तर मीही त्याला तिसरा म्हणेन. लोक ताकदीबद्दल बोलतात. मला त्याचं डोकं आवडायचं, म्हणजे शब्दशः डोकं, ते एका जागी थांबायचंच नाही. त्याचा गुरू कस डमाटो याने शिकवलेली ती गालांशी मुठी धरायची पद्धत, कमरेतून डावी-उजवीकडे झुलणं, ठोसा चुकवता चुकवताच आत शिरणं, आणि मग बरगड्यांत एक, लगेच हनुवटीखाली दुसरा. पल्ला जेमतेम ७१ इंचांचा, समोरचे सगळे त्याच्यापेक्षा लांब हातांचे, तरी त्यांना तो सापडायचा नाही. विसाव्या वर्षी बर्बिकला दुसऱ्या फेरीत उडवून तो सगळ्यांत तरुण हेवीवेट विजेता झाला, १९८७मध्ये तिन्ही संघटनांचे विजेतेपदाचे पट्टे एकत्र केले, आणि जून १९८८मध्ये मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं. तोच स्पिंक्स, ज्याने होम्सची अपराजित वाटचाल मोडली होती.

पण त्याच वर्षी टायसनने केव्हिन रूनी या ट्रेनरला काढून टाकलं, आणि ते झुलणारं डोकं हळूहळू थांबलं. फेब्रुवारी १९९०मध्ये टोकियोत बस्टर डग्लस आला. पैजेचा भाव ४२ला १. डग्लसने केलं काय? लांब डावा जॅब त्याच्या तोंडावर पेरत राहिला. आठव्या फेरीत टायसनने त्याला पाडलं, तो उठला. दहाव्यात टायसन पडला आणि दातांतलं रक्षक चाचपडत राहिला. डग्लसशी पुन्हा गाठ पडलीच नाही. होलिफिल्डशी दोनदा पडली: पहिल्यांदा अकराव्या फेरीत पराभव, दुसऱ्यांदा होलिफिल्डचा कान चावण्याचा तो प्रकार. २००२मध्ये लेनॉक्स लुईसने आठव्या फेरीत संपवलं. तुरुंगातल्या तीन वर्षांनी त्याचा उमेदीचा काळ खाल्ला असं तू म्हणशील. पण डग्लस त्याच्या आधीचा, आणि तुरुंगात तो बलात्काराच्या गुन्ह्यासाठी गेला होता, ते काही नशिबाचे भोग नव्हते. फ्रान्स बोथाचं नाव काढशील, तेही बरोबर: १९९९मध्ये टायसन मागे पडला होता आणि पाचव्या फेरीत एका उजव्याने त्याने सामना फिरवला. पण बोथाच्या जोरावर तिसरी जागा?

जॅबबद्दल थोडं लिहितो, कारण तुझ्या पत्रात ‘होम्स कंटाळवाणा’ असं वाक्य आहे आणि ते मला डाचलं. होम्सचा जॅब म्हणजे नुसता समोरच्याला लांब ठेवायचा हात नाही. डावा हात जरा खाली धरायचा, त्यामुळे ठोसा डोळ्यांच्या रेषेखालून वर यायचा आणि उशिरा दिसायचा. एक मारला की त्याच्या पाठोपाठ दुसरा, कधी तिसरा; पहिला अंतर मोजायला, दुसरा दुखवायला, तिसऱ्याने डोळे झाकले की उजवा. समोरच्याने पाय उचलला रे उचलला की हा लागायचा, म्हणजे पुढे येणाऱ्याचं वजन त्याच्याच तोंडावर. १९८२मध्ये गेरी कूनीचं असंच झालं. त्या लढतीची जाहिरात निव्वळ गोरा विरुद्ध काळा अशी केली होती, विजेता असूनही होम्सचं नाव आधी पुकारलं गेलं, कूनीचं मानाने नंतर. होम्सने कुणाशी वाद घातला नाही. जॅब मारत राहिला आणि तेराव्या फेरीत कूनीच्या ट्रेनरलाच आत यावं लागलं.

आणि गंमत माहीत आहे? नॉकआउटने जिंकलेल्या लढती दोघांच्याही ४४. कंटाळवाणा म्हणे!

होम्सच्या विरुद्ध खरा मुद्दा वेगळा आहे, तो तू मांडलाच नाहीस, म्हणून मीच मांडतो. त्याने सगळे पट्टे कधी एकत्र केले नाहीत. ग्रेग पेज, पिंकलन थॉमस, गेरी कूट्झी यांच्याशी तो लढलाच नाही. १९८३मध्ये टिम विदरस्पूनविरुद्ध कसाबसा, जजांच्या विभागलेल्या कौलावर वाचला आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेला नाही. त्याच वर्षी ज्यो फ्रेझियरच्या मुलाला, नवख्या मार्व्हिसला, एका फेरीत झोडपून चांगले पैसे घेतले. यात मोठेपणा नाही. आणि हरल्यावर तोंड आवरत नसे: १९८५मध्ये स्पिंक्सकडून हरला, ४८ विजयांवर थांबला, मार्सियानोच्या ४९ अपराजित विजयांशी बरोबरी एका लढतीने हुकली, तर पत्रकारांसमोर मार्सियानोबद्दल असं काही बरळला की ते अजून त्याच्या नावाला चिकटून आहे. (स्पिंक्सविरुद्धची दुसरी लढत मात्र तोच जिंकला होता असं माझं ठाम मत आहे. जजांचं नव्हतं.) स्पिंक्सचा वचपा त्याला काढता आला नाही, हेही मी लपवत नाही. ज्यो लुईसने श्मेलिंगचा काढला, लेनॉक्सने मॅकॉल आणि रहमान दोघांचा काढला. म्हणून तर होम्स तिसरा, पहिला-दुसरा नव्हे. लेनॉक्स माझा चौथा, फोरमन पाचवा, मार्सियानो सहावा. फोरमन-मार्सियानोबद्दल भांडायला मी तयार आहे, तिथे माझंही मन डळमळतं.

तू म्हणतोस, होम्सला प्रतिस्पर्धीच दुबळे मिळाले. मग हे सांग: फेब्रुवारी १९९२मध्ये, ४२ वर्षांचा असताना, त्याने रे मर्सरला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. मर्सर तेव्हा अपराजित, सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, आणि असा ठोसा मारणारा की टॉमी मॉरिसनला त्याने उभ्या उभ्या बेशुद्ध केलं होतं. होम्स दोरांना पाठ लावून त्याचे ठोसे चुकवत राहिला आणि जॅबने गुण गोळा करत राहिला. चार महिन्यांनी होलिफिल्डसमोर पूर्ण बारा फेऱ्या टिकला. टायसनला त्याच होलिफिल्डसमोर, तिशीत असताना, एवढ्या फेऱ्या काढता आल्या नाहीत.

तेव्हा यादी पुन्हा लिहून पाठव. आणि टायसनला तिसराच ठेवायचा असेल तर सोबत एका लढतीचं नाव दे: तो खाली पडला, उठला आणि जिंकला अशी. एक पुरे. मी त्याला दोन जागा वर सरकवतो.

तुझा,
मोहन